मनुबाईचा वीस गुंठे शाळू

मनुबाईनं विहिरीकडच्या वीस गुंठ्यांत शाळू पेरला आणि गावाला चघळायला विषय मिळाला. आता शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरणं हा काय गुन्हा आहे का? पण गाव कृष्णाकाठचं. इथं नजर जाईल तिथवर ऊस. बांधाला ऊस, ओढ्याच्या पोटात ऊस, मसणवट्याच्या कडेलासुद्धा ऊस. अशा गावात, बारमाही पाण्याच्या काळ्याभोर रानात, कुणी बाई शाळू पेरते म्हटल्यावर माणसं मोटरसायकल थांबवून बघायची. एकानं तर हटकलंच, "मावशी, जनावरांच्या वैरणीसाठी का?"

"व्हय रं," मनुबाई म्हणाली, "घरात एक हाय दोन पायांचं. गोड खायला लय सोकावलंय."

हे दोन पायांचं म्हणजे तिचा नवरा आकाराम. सैन्यातनं हवालदार होऊन परत आलेला, मिशा अजून ताठ, आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असा. पाय दोन, पण बोटं नऊ. डाव्या पायाचं एक बोट उन्हाळ्यात मिरजेच्या दवाखान्यात काढलं होतं. काय झालं होतं म्हणाल, तर नवी चप्पल चावली. बस्स, एवढंच. फोड आला, फुटला, चिघळला, आणि ह्या बाबाला पत्ताच नाही, कारण शुगरनं पायातली कळच गेली होती. वास सुटला तेव्हा मनुबाईच्या ध्यानात आलं. गावातल्या पोरांनी लगेच नाव पाडलं, नऊ बोटी हवालदार.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायला खमक्या. त्या आकारामला म्हणाल्या, "आजोबा, साखर बंद, बिस्किटं, खारी, टोस्ट बंद. औषधं वेळेवर. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी खा. हे जमलं नाही तर पुढच्या वेळी मी बोट नाही काढणार, घोट्यापासून पाय काढावा लागेल." आकारामनं मान डोलावली आणि बाहेर आल्या आल्या कँटीनवाल्याला म्हणाला, "एक कडक, साखर जरा जास्त." मनुबाईनं तो कप त्याच्या हातातनं घेतला आणि तिथंच झाडाच्या बुडात ओतला. लोक बघत राहिले. बघू देत की!

पण घरी आल्यावर तिला कळलं, की एक कप ओतणं सोपं आहे. घरात गोड येतं ते काय एका वाटेनं येतं?

पहिली वाट कारखान्याची. घरात कारखान्याचे तीन शेअर. एक आकारामचा, एक मुलाचा, अमृतचा, आणि एक सासूच्या नावावरचा. सासू जाऊन कैक वर्षं झाली, पण तिची सवलतीची साखर कधी चुकली नाही. बिचारी जिवंत असताना कोरा चहा प्यायची. सभासदाला साखर जवळपास फुकटच पडते, आणि दिवाळीला तर पोतंच. मग पोतं घरात असल्यावर हात आखडणार कोण? चहात चमचा उभा राहील इतकी साखर पडली नाही, तर पाहुणा बाहेर जाऊन सांगणार, की सभासदाचं घर असून चिक्कू माणसं आहेत.

दुसरी वाट कुपवाडची. अमृत कुपवाडच्या एमआयडीसीत बिस्किटाच्या कारखान्यात कामाला. भट्टीतनं निघताना जी बिस्किटं तुटतात, ती कामगारांना मातीमोल भावात मिळायची. 'तुकडा' म्हणायचे त्या मालाला. दर शनिवारी गाडीच्या मागं तुकड्याची पिशवी बांधून अमृत घरी यायचा. घरात चौकोनी पत्र्याचा मोठा डबा होता, तो त्या तुकड्यांनी काठोकाठ भरलेला. सकाळी चहाबरोबर तुकडा, दुपारी भूक लागली की तुकडा, संध्याकाळी जेवायला वेळ आहे म्हणून तुकडा. शेजारीणही वाटी घेऊन यायची.

आणि भाकरी? भाकरीला ज्वारी लागते, आणि ज्वारी गावात कुठं होती? रेशनला गहू, तांदूळ. वाण्याकडं ज्वारी मागितली तर तो म्हणाला, "मावशी, घेणारं कोण हाय? ठेवली की किडं पडत्यात." विट्याच्या बाजारातनं आणवली, तर तिचा भाव ऐकून सून मायानं कपाळाला हात लावला. मनुबाईचं माहेर माणदेशातलं. तिथं पाऊस नावालाच, पण कोठारात शाळू असायचा. गरिबाघरी पोटभर भाकरी आणि पाण्याच्या गावात भाकरीला महाग, हे तिच्या डोक्यात जाईना.

तिनं दुपारी जेवायला बसल्या बसल्या सांगून टाकलं, "विहिरीकडचा उसाचा खोडवा मोडलाय न्हवं, तिथं मी शाळू पेरणार."

अमृतचा घास हातातच राहिला. "आई, येड लागलं का तुला? तिथं उसासाठी ठिबक टाकलंय. त्येला अनुदान मिळालंय. बेणं कारखाना देतो, खत कारखाना देतो, लाईट सवलतीत, ऊस तोडायला माणसं पण कारखानाच पाठवतो. शाळूला कोण काय देतंय सांग बघू?"

"काय देत न्हाई कोण," मनुबाई म्हणाली. "तेच तर. आजारपण सवलतीत दारात येतंय आणि भाकरी रोखीनं इकत आणायची, हे कुणी ठरवलं रं? मला तर कुणी इचारलं न्हाई."

"तुझं हे बोलणं बाहेर बोलू नगंस," अमृत म्हणाला.

"बाहेरच बोलणार. आणि त्या वीस गुंठ्यांच्या सातबाऱ्याला माझं नाव हाय, हे बी सांगणार."

हे मात्र खरं होतं. आकाराम काश्मीरला असताना एकदा घाबरून, न जाणो आपलं काही बरंवाईट झालं तर म्हणून, तेवढं रान त्यानं बायकोच्या नावावर करून ठेवलं होतं. त्याला काय माहीत पुढं हे असं होणार. तो मिशीतल्या मिशीत म्हणाला, "शत्रूपास्नं वाचलो, आता घरात सापडलो." पण आडवा आला नाही.

शाळू उगवला. दिवाळीला गुडघ्याला लागला. आणि दिवाळीच्या तोंडावर साखरेचा टेम्पो गल्लीत शिरला.

टेम्पोबरोबर तानाजी होता. तानाजी म्हणजे आकारामचा चुलतभाऊ, मनुबाईचा दीर, आणि कारखान्याचा संचालक. पांढराफेक शर्ट, गळ्यात चेन, आणि सगळ्या गावाची साखर जणू ह्यानंच पिकवली असा थाट. हमालानं पोतं उचललं, तेवढ्यात मनुबाई उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"परत टाक टेम्पोत."

हमाल गोंधळला. तानाजी हसला. "वयनी, चेष्टा करताय व्हय? सणासुदीचं दिवस."

"भावजी, चेष्टा न्हाई. आमाला साखर नगं. तुमच्या दादांचं एक बोट गेलंय, उरलेली नऊ मला ठेवायची हायेत."

"आवं, मग त्यांनी खाऊ नये. बाकीच्यांनी काय पाप केलंय? सभासदाच्या घरात साखर न्हाई म्हटल्यावर पाव्हण्याच्या तोंडात काय घालणार?"

"भाकरी घालीन. पिकली की."

पोतं परत गेलं. आणि मग जी गंमत झाली, ती आमच्याच भागात होऊ शकते. साखर परत केली म्हणजे काय? साखर ह्या घराला कडू झाली असं कुणालाच वाटलं नाही. सगळ्यांनी एकच अर्थ काढला, हवालदार विरोधी पॅनेलला मिळाला! कारखान्याची निवडणूक तोंडावर आली होती. पारावर चर्चा, दूध डेअरीवर चर्चा. दुसऱ्या दिवशी सकाळी विरोधी पॅनेलचा माणूस शाल, नारळ आणि हार घेऊन दारात हजर. "ताई, तुमी लय मोठं धाडस केलं. आमचं पॅनेल आलं की आमी सभासदांना दुप्पट साखर देणार."

मनुबाईनं त्याच्याकडं असं बघितलं, की त्यानं हार परत पिशवीत घातला. "दुप्पट?" ती म्हणाली. "मग त्यांच्यापरीस तुमीच जास्ती वाईट की! चला, निघा." शाल तेवढी विसरला बिचारा, ती मायानं पळत जाऊन नेऊन दिली.

घरात साखर बंद झाली, शनिवारची पिशवीही बंद झाली. तुकड्याचा डबा तर आकारामनं आपणहून नजरेआड केला. अमृत आठ दिवस बोलला नाही. आकाराम मुकाट्यानं बिनसाखरेचा चहा प्यायला लागला, कुरकुरही करेना. आता नवरा कुरकुर करेनासा झाला की शहाण्या बाईनं सावध व्हावं. मनुबाई सावध झाली नाही, ती खूश झाली. आणि पौष लागता लागता पायाची भरत आलेली जखम परत उघडली. शेजारचं बोट निळसर दिसायला लागलं.

मुंग्यांनी चहाडी केली. झाडून काढताना तिला दिसलं, की मुंग्यांची रांग भिंतीकडेनं जाऊन आकारामच्या सैन्यातल्या काळ्या ट्रंकेत शिरते आहे. तिनं झाकण उघडलं. मेडलं, जुना कोट, आणि कोटाखाली तुकड्याचा तो चौकोनी डबा. अर्धा रिकामा.

तिनं डबा बाहेर ओढला. ती डबा मांडीवर घेऊन तिथंच भुईवर बसली आणि रडायला लागली. आकाराम खाटेवरनं बघत होता.

"मने, अगं, एखादाच खाल्ला असंल."

"मला सबबी नगंत," ती म्हणाली. "मला तुमचा पाय पायजे. तुमी परमुलखात होता तवा मी रोज देवाजवळ एकच मागितलं, माणूस अख्खा परत येऊ दे. अख्खा आला. आणि आता माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत तुकडं तुकडं जाणार व्हय तुमी? मला भीती वाटतीया, कळतंय का? मला लय भीती वाटतीया."

चाळीस वर्षांच्या संसारात ती असं बोलली नव्हती. आकारामनं नजर खाली घातली. मिरजेला जाऊन आले. डॉक्टरीणबाईंनी ड्रेसिंग केलं, औषध वाढवलं आणि स्पष्ट सांगितलं, की महिनाभर पायाला माती लागता कामा नये आणि तोंडाला गोड लागता कामा नये. महिन्यानं ठरवू, पाय ठेवायचा की काढायचा.

आणि नेमकी त्याच आठवड्यात पाखरं आली.

शाळू हुरड्यात आला होता. कणसं टपोरी, दाण्यात दूध. मनुबाई सकाळी रानात गेली आणि बघते तर शाळू काळा झालेला. भोरड्या! हजारांनी. वर साळुंख्या, वर चिमण्या, वर राघू. तिनं आरडाओरडा केला, तसा सगळा थवा उठला, आभाळात एक गिरकी घेतली आणि तिच्याच रानात परत बसला. जाणार तरी कुठं? उसात पाखराला काय मिळणार, पाचट? दहा गावांच्या शिवारात दाणा म्हणून जो होता, तो एवढ्या वीस गुंठ्यांत होता.

चूक झाली होती ती इथं. माहेरी ती लहानपणी पाखरं राखायला जायची, पण तिथं अख्खं शिवारच शाळूचं. पाखरं येत, चार कणसं ह्याची, चार त्याची टिपत आणि जात. कुणाचं फारसं बिघडत नसे. इथं तिनं उसाच्या समुद्रात एकटीनं ताट मांडलं होतं आणि पंचक्रोशीतली सगळी पंगत तिच्या ताटावर बसली होती. हे आधी तिच्या ध्यानात आलं नाही. गावातल्या कुणाच्याच आलं नाही, कारण शाळू कसा असतो हेच गाव विसरलेलं.

तिनं भावाला फोन केला. भाऊ माणदेशातनं एसटीनं गोफण घेऊन आला, चार मेढी रोवून राखणीचा उंच माळा बांधून दिला आणि जाताना म्हणाला, "आक्के, एकट्या माणसाचं काम न्हाई हे." ती म्हणाली, "मग तू ऱ्हातोस का?" तो हसला आणि गेला. त्यालाही त्याचं रान होतं.

मग मनुबाई माळ्यावर चढली. साठी उलटलेली बाई, पदर कमरेला खोचलेला, हातात गोफण. दिवस उगवायला वर चढायची आणि मावळल्यावर उतरायची. पहिल्या दिवशी दगड पुढं जायच्या ऐवजी मागं उसात गेला. तिसऱ्या दिवशी नेम बसला. चौथ्या दिवशी खांदा सुजला. "हुर्रर्र! हाऽऽ हुर्रर्र! मुडद्यांनो, कारखान्यावर जा की! तिथं साखर वाटत्यात!" अशा शिव्या, की रस्त्यानं जाणारे थांबून ऐकायचे. पाखरं उठायची, बसायची. निम्मा शाळू डोळ्यांदेखत गेला.

आकारामला हे बघवेना. त्याला अमृतनं गाडीवरनं बांधापर्यंत आणून खुर्चीत बसवलं, पाय पिशवीत गुंडाळून दुसऱ्या खुर्चीवर. त्यानं रणांगण न्याहाळावं तसं रान न्याहाळलं आणि म्हणाला, "अमृत, ह्येला डायव्हर्शन पायजे. दुश्मनाला दुसरीकडं गुतवायचा. तो डबा आण आणि सगळा तुकडा पलीकडच्या बांधावर पसर. पाखरं तिकडं जातील, शाळू वाचंल."

अमृतला पटलं. आईला न विचारता त्यानं अर्धा डबा, आणि कुठंतरी लपवलेली एक अख्खी पिशवी, बांधावर पसरली. क्रीमची, काजूची, चॉकलेटची, सगळ्या जातीची बिस्किटं. बाप-लेक वाट बघत बसले.

दोन कावळे आले. एक भटकं कुत्रं आलं. भोरड्यांचा थवा त्या बिस्किटांच्या बरोबर डोक्यावरनं गेला आणि शाळूत उतरला.

माळ्यावरनं मनुबाईनं हे बघितलं. एवढ्या सुजल्या खांद्यात तिला हसू आवरेना. "बघितलं का हवालदार? पाखराच्या जातीला कळतंय काय खायचं ते! आता तुमचं तुमी बघा."

आकारामनं आधी थव्याकडं बघितलं, नंतर डब्याकडं. मग म्हणाला, "अमृत, डबा रिकामा झाला न्हवं? दे इकडं. आणि एक दांडकं दे." त्यानं तो पत्र्याचा डबा मांडीवर घेतला आणि असा बडवला, असा बडवला, की थवा घाबरून पार ओढ्यापलीकडं गेला. त्या दिवसापासून रोज तो खुर्चीत, ती माळ्यावर. तिचा हात दुखला की त्याचा डबा, त्याचा हात थकला की तिची गोफण. ट्रंकेत परत मुंगी गेली नाही.

चार दिवसांनी तानाजी आला. गाडी बांधाला लावली, शर्टाला धूळ लागू नये म्हणून लांबच उभा राहिला. "वयनी, पुरं झालं हसं. हे हिरवंच कापा, वैरण तरी हुईल. उद्या ट्रॅक्टर पाठवतो, परवा बेणं. दादांची आबरू जातीया गावात."

त्या दिवशी बांधावर आणखी पाच-सहा बायका होत्या. आधी त्या मजा बघायला यायच्या. मग एक दिवस मनुबाईनं शेणकुटाच्या निखाऱ्यांचा आर करून चार कणसं भाजली, हातावर चोळली आणि गरम हुरडा एकेकीच्या तळव्यावर ठेवला. लसणाची चटणी, बस्स. खाता खाता एक म्हणाली, "आगं, मी हे माझ्या लग्नाआधी खाल्लं हुतं." मग त्या रोज यायला लागल्या. त्यांत तानाजीची बायको राजेश्वरी होती. नवऱ्याची गाडी बघून ती काही उठली नाही, हुरडा चोळत बसली.

"आबरू?" मनुबाई माळ्यावरनं म्हणाली. "भावजी, आबरू जाऊ द्या. ह्यांचा पाय ऱ्हायला पायजे. मी हे कापणार न्हाई. पाखरं खातील तेवढं खातील, एक पायली उरली तरी ती माझी."

"हट्ट हाय नुसता! एकट्या बाईनं शाळू करून काय शुगर जातीया?"

"एकट्या बाईचा म्हणून तर पाखरं खात्यात," राजेश्वरी मधेच म्हणाली. सगळ्या तिच्याकडं वळल्या. ही बाई चारचौघांत नवऱ्यापुढं कधी तोंड उघडायची नाही. "आक्का, पुढच्या साली आमचं वड्याकडचं रान शाळूला. तुमच्या शेजारीच हाय. पाखरं वाटली जातील."

"कुणी ठरवलं?" तानाजी ओरडला.

"मी."

"आगं, मी संचालक हाय! माझ्याच रानात ऊस न्हाई म्हटल्यावर लोक काय म्हणतील?"

राजेश्वरी उठली. हाताचा भुसा झटकला. "लोक काय म्हणतील म्हणून चार वर्षं फ्रीजमदी दुधाच्या पिशव्यांमागं तुमचं शुगरचं इंजेक्शन लपवतीया मी. सकाळी दार लावून टोचून घेताय, आणि दुपारी टेम्पोवर उभं ऱ्हाऊन गावाला साखर वाटताय. दादांचं बोट गेलं तवा रात्रभर स्वतःचा पाय चाचपत बसला हुता, सांगू का? मला बी भ्या वाटतंय. मी काय धोंडा हाय व्हय?"

तानाजीचा चेहरा उतरला. तो एकदा गाडीकडं बघे, एकदा आकारामच्या गुंडाळलेल्या पायाकडं. तेवढ्यात थवा आला. आकारामनं दांडकं उचललं, पण बडवायच्या आधी म्हणाला, "तान्या, बस हितं. खुर्ची रिकामीच हाय." तानाजी बसला नाही. गाडी वळवून गेला. पण ट्रॅक्टर काही आला नाही, आणि ती गोष्ट गावानं बरोबर टिपली.

फाल्गुनात शाळू काढला. मळून तीन पोती झाली, व्हायला हवी होती त्याच्या निम्मीसुद्धा नाहीत. त्याच्या आधीच मिरजेला जाऊन आले होते. डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली, बोट दाबून बघितलं आणि पहिल्यांदा हसल्या. जखम भरत होती. गोळ्यांनी, ड्रेसिंगनं, भाकरीनं, की बिस्किटं सुटल्यानं, कशानं किती, ते त्यांचं त्यांना ठाऊक. "पाय राहिला," त्या म्हणाल्या, "आता तो ठेवायचं काम तुमचं." मनुबाईला तिथंच भडभडून आलं. आकाराम कँटीनवाल्याला म्हणाला, "दोन कडक. साखर टाकलीस तर बघ."

कारखान्याची निवडणूक झाली. दोन्ही पॅनेलांनी साखर वाढवायचं वचन दिलं, कुणीतरी निवडून आलं, तानाजी परत संचालक झाला. ते तसं चालायचंच. पण त्या साली नवरात्राच्या सुमाराला विहिरीच्या चारी अंगांनी शाळू पेरला गेला. गाव काही सगळं सुधारलं नाही, बाकी शिवार उसाचंच. पण राजेश्वरीचं ओढ्याकडचं रान, त्याच्याखाली आणखी पाचजणींच्या रानाचे तुकडे, कुणाचे दहा गुंठे, कुणाचे पंधरा. अनुदान कुणालाच नाही. मायानं तर सासूच्या आधी बियाणं निवडून ठेवलं होतं.

पौषात पाखरं आली. मनुबाई माळ्यावर गोफणीत दगड घालून तयारच होती. थवा आला, आभाळात गिरकी घेतली, आणि मग फाटला. थोडा ओढ्याकडं गेला, थोडा खालच्या रानात, थोडा तिच्याकडं. चार कणसं हिची, चार तिची. माहेरी बसायचा तसाच. तिनं उगारलेला हात खाली घेतला.

पलीकडच्या माळ्यावर कुणीतरी पांढऱ्या शर्टातलं उभं होतं आणि कसंबसं "हुर्र, हुर्र" करत होतं. मनुबाईनं डोळ्यांवर हात धरून बघितलं. तानाजी!

"भावजी, जोरात!" ती ओरडली. "सभेत वरडताय तसं!"

शिवारभर बायका हसल्या. तेवढ्यात तिच्या माळ्याची शिडी हलली. आकाराम चढत होता. फडक्यात बांधलेली भाकरी दातांत धरून, अनवाणी नव्हे, चांगला बूट घालून, दोन्ही पायांनी. ती हात द्यायला वाकली, तर त्यानं डोळे वटारले. तिनं हात मागं घेतला. वर आल्यावर त्यानं भाकरी तिच्या हातात दिली आणि गोफण काढून घेतली.

"उतर खाली," तो म्हणाला. "ड्युटी बदलली."

मनुबाई उतरली, बांधावर बसली आणि भाकरीचं फडकं सोडलं.